टँकचा तळ

माझ्या सासरच्या घरामागे पोहण्याचा तलाव होता असं सांगितलं की ऐकणारा जरा सावरून बसतो. बडी माणसं दिसतात! म्हणून मी आधीच सांगून टाकते, की त्या घरात पोहता कोणालाच येत नव्हतं. सासरे सरकारी इमारतींचे ठेकेदार होते. कुठल्याशा साहेबी क्लबच्या तलावाची दुरुस्ती त्यांनी केली होती, आणि काम झाल्यावर त्यांना तिथे पाय बुडवायलाही कोणी बोलावलं नाही. ते त्यांच्या मनाला लागलं. साठच्या दशकात सक्करदऱ्याच्या बाजूला त्यांनी जागा घेतली, तेव्हा घराच्या पायाआधी मागे टँक खणला. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, एका टोकाला कमरेइतका आणि दुसऱ्या टोकाला पुरुषभर खोल. तळाला पांढऱ्या टाइल्स. विहिरीवरच्या पंपाने तो भरायचा आणि पाणी खराब झालं की बागेत सोडून द्यायचं. घरात सगळे त्याला टँक म्हणत. म्हातारा माळी तेवढा टाकं म्हणायचा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन तिथे आले. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि जगातल्या बहुतेक गोष्टी आपल्याला कळतात अशी माझी ठाम समजूत होती. सासरी चारच माणसं: सासरे, सासूबाई, नवरा आणि मी. एक नणंद होती, ती दोन वर्षांपूर्वी पाण्यात गेली, असं लग्न जमवणाऱ्यांनी हळू आवाजात सांगितलं होतं. कुठल्या पाण्यात, ते कोणी बोललं नव्हतं.

पहिल्याच श्रावणात तीन दिवस धो धो पाऊस झाला. घरामागे तेव्हा शेतं होती, सगळी काळी माती. तिसऱ्या दिवशी शेताचा बांध फुटला आणि सगळं पाणी कुंपणाखालून टँकमध्ये शिरलं. सकाळी पाहिलं तर टँक काठोकाठ भरलेला, पाणी काळं आणि दाट, वर धसकटं आणि बेडूक. मला गंमत वाटली. दुपारी जेवायला बसलो तर सासूबाई आल्या नाहीत. सासऱ्यांनी ताटातून मान वर न करता सांगितलं, "तिचं व्रत असतं."

व्रत मला माहीत होतं. सासूबाई उमरेडकडच्या एका खेड्यातल्या. तिकडे काही घरांत बायका चातुर्मासात सूर्य पाहिल्याशिवाय जेवत नाहीत. आभाळ भरलेलं असलं तर दिवसच्या दिवस नुसत्या पाण्यावर काढतात. मी खिडकीतून पाहिलं, ढग फाटले होते. मागच्या दारी गेले. सासूबाई टँकच्या काठावर वेताच्या खुर्चीत बसून होत्या.

"आई, सूर्य दिसला. चला जेवायला."

"सूर्याचं नाही वं," त्या म्हणाल्या. "तळ दिसला का जेवतो मी."

त्यांनी मग मला सगळं सांगितलं, अगदी सरळ आवाजात. असाच पावसाचा दिवस होता. पोरगी सकाळी कॉलेजला म्हणून गेली आणि परत आली नाही. सासरे शोधायला बाहेर पडले. दुपारी आले, कोणाशी एक शब्द न बोलता घरातून तडक मागे गेले, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी शिडी उतरून या गढूळ पाण्यात शिरले. तीन बुड्या मारून वर आले. म्हणाले, तिचं नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ कोणासाठी करतात हे सासूबाईंना काय सांगायला हवं होतं? माणूस गेल्यावर करतात. कुठे गेली, तर ज्या पाण्यातून नवरा निथळत बाहेर आला त्याच पाण्यात. पुढे पाणी निवळलं तेव्हा तळाशी काही नव्हतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा काळं झालं आणि त्यांच्या लेखी पोरगी पुन्हा तिथे आली. पाणी स्वच्छ असलं की ती नाही, गढूळ झालं की आहे. यात तर्क नव्हता, पण त्यांची भूक त्यावर चालायची.

आणि त्यांना मधुमेह होता. त्यांना उपाशी ठेवू नका, हे धंतोलीतल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. मी आले त्याच्या आदल्या वर्षी त्या काठावरच बेशुद्ध पडल्या होत्या. म्हणजे मोठा पाऊस पडला की या घरात एकच काम उरायचं: म्हातारीचा जीव जायच्या आत तळ दाखवायचा.

तोवर हे काम सासऱ्यांचे मजूर करत आणि त्यात पाच-पाच दिवस जात. मी पदर खोचला. शाळेत शिकवते तेच इथे करायचं होतं. स्वयंपाकघरातले आठ काचेचे ग्लास ओट्यावर ओळीने मांडले, प्रत्येकात टँकचं पाणी घेतलं आणि वेगवेगळ्या मापाने तुरटी आणि चुन्याची निवळी घालून पाहिली. ज्या ग्लासात माती गोळा होऊन खाली बसली त्याचं माप धरलं. मग मी आणि माळी, दोघांनी लांब जाळीने पालापाचोळा काढला. तुरटीचे खडे गोणपाटात बांधले, दोन टोकांना दोर लावले आणि दोन काठांवरून ते गाठोडं पाण्यातून ओढत फिरलो, जशी आपण माठात तुरटी फिरवतो तशी. मग पाणी तसंच ठेवायचं. कोणी हात घालायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उथळ टोकाच्या टाइल्स दिसल्या, संध्याकाळपर्यंत खोल टोकाच्याही. सासूबाई काठाने पूर्ण एक चक्कर मारून आल्या, मान वाकवून प्रत्येक कोपरा पाहिला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू आली म्हणून," म्हणाल्या. मग पोटभर जेवल्या. मी त्यांच्या समोर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

त्याच आठवड्यात नवऱ्याने मला खरं सांगितलं. माझं कौतुक त्याला सहन होईना, असं मला वाटतं. बहीण जिवंत होती. भंडाऱ्याला होती, एसटीने दोन तासांवर. तिने तिच्या वर्गातल्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा बौद्ध, छप्पन साली ज्या घरांनी दीक्षा घेतली त्यांतल्या एका घरातला, पुढे शाळेत मास्तर झालेला. त्या दुपारी सासरे त्या दोघांना रजिस्टर लग्न करून बाहेर पडताना पाहून आले होते. आणि आले ते थेट टँकमध्ये शिरले. पोरगी आपल्याला मेली, म्हणून तिच्या नावाने आंघोळ केली. बायकोने त्याचा काय अर्थ घेतला हे त्यांना दोन दिवसांत कळलं. त्यांनी तो बदलला नाही. पोरगी बुडाली हे चार माणसांत सांगणं त्यांना सोपं गेलं.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी बाबांना शब्द दिला आहे," तो म्हणाला. वर्षातून दोनदा ऑफिसचं काम काढून तो भंडाऱ्याला जाऊन यायचा. बहिणीला वाटत होतं, आईनेही आपल्या नावाने आंघोळ केली आहे.

मी संतापले. दोन दिवस नवऱ्याशी बोलले नाही. सासऱ्यांना वाढताना पळी आपटली. आणि मग मीही शब्द दिला. का दिला? नवी होते, घर मोडेल अशी भीती होती, ही सगळी कारणं खरी आहेत. पण एक कारण मी कोणाला सांगितलं नाही, ते इथे लिहिते. तळ दाखवणारी मी होते. "तू आली म्हणून" हे मला पुन्हा ऐकायचं होतं. सगळं सांगून टाकलं असतं तर माझ्या आठ ग्लासांना कोणी विचारलं नसतं.

दुसऱ्या पावसाळ्यात पाणी दोन दिवसांत निवळलं. सासूबाईंसोबत मीही काठावर उभी राहायचे. त्या पाण्यात पाहायच्या, मीही पाहायचे. "तुले काही दिसते का?" त्या विचारायच्या. "अजून नाही, आई," मी म्हणायचे. असं म्हणण्यात आपण खोटं बोलत नाही, अशी मी माझी समजूत घातली होती.

तिसऱ्या वर्षीचा एक प्रसंग अजून अंगावर काटा आणतो. भर दुपार होती. मी खोल टोकाला जाळीचा बांबू तळापर्यंत घालून पाला ओढत होते आणि बांबू कशाला तरी लागला. मऊ, जड. ढकललं तर सरकलं आणि परत आलं. मला माहीत होतं, की माझी नणंद या घटकेला भंडाऱ्याच्या शाळेत सातवीच्या वर्गाला गणित शिकवते आहे. पंधरा दिवसांपूर्वी नवरा तिला भेटून आला होता. तरी माझे हात गार पडले. खुर्चीतून सासूबाई माझ्याकडे एकटक पाहत होत्या, आणि त्या काही विचारायच्या आत मी बांबू हळूच दुसरीकडे नेला. माळ्याने नंतर गळ टाकून ती वस्तू काढली. पुरात शेतातून वाहून आलेलं भिजलेलं पोतं होतं. पण त्या रात्रीपासून मीही पाऊस सुरू झाला की मागच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायला लागले. त्या बाईची भीती मला लागली होती, आणि मी तर खरं काय ते जाणत होते.

चौथ्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना. सासरे वर्ध्याकडच्या कामावर अडकले होते, नवरा ऑफिसच्या दौऱ्यावर. बांध पुन्हा फुटला. मी ग्लास मांडले, माप काढलं, तुरटी फिरवली. पाणी निवळायला लागलं की वरून सर यायची आणि सगळी माती पुन्हा ढवळली जायची. एक दिवस गेला, दुसरा गेला. सासूबाई छत्री घेऊन खुर्चीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उठवायला गेले तर त्यांचे डोळे खोल गेलेले, तोंडाला कसलासा गोड आंबूस वास. डॉक्टरांकडे निरोप धाडला. ते येऊन गेले आणि व्हरांड्यात मला म्हणाले, "आज यांनी खाल्लं नाही तर उद्या मला बोलावू नका, दवाखान्यातच आणा." मी हात जोडून जेवायला सांगितलं. साखर घातलेलं दूध तोंडाशी नेलं. त्यांनी तोंड फिरवलं. "माही पोरगी खाली उपाशी आहे," त्या म्हणाल्या.

एक वाक्य माझ्याकडे होतं. ते मी बोलले नाही. मी माळ्याला म्हणाले, पंप लावा, टँक रिकामा करू.

माळी डोकं हलवायला लागला. "नका करू बाई. जमिनीनं पानी पिऊन घेतलं आहे. भरल्या पावसात टाकं रिकामं केलं का वर येते ते. खालचं पानी त्याले उचलते."

"एवढं सिमेंटचं टाकं वर येईल?"

"भरलेलं असलं का दाबून बसते. रिकामं काहून बसंन?"

आता मी वर्गात मुलींना हेच शिकवत होते: जहाज का तरंगतं. पण माळ्याच्या तोंडून ऐकलं म्हणून मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी हसलेसुद्धा. पाऊस उघडला होता, वीज होती, मी पंप सुरू केला. बारा वाजेपर्यंत कमरेइतकं उतरलं, दोनच्या सुमारास गाळ तेवढा उरला. माळ्याने आणि मी खराट्याने गाळ एका कोपऱ्यात लोटला, बादल्यांनी पाणी मारलं. पांढऱ्या टाइल्स उघड्या पडल्या. एकही कोपरा झाकलेला नव्हता.

सासूबाईंना हाताला धरून आणलं. काठावरून पाहून त्यांचं समाधान झालं नाही. त्या शिडीने खाली उतरल्या, अनवाणी त्या ओल्या तळावरून या टोकाहून त्या टोकाला चालल्या, गाळाच्या ढिगात हात घालून पाहिलं. मग वर आल्या, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "वाढ." मला इतका आनंद झाला, की मी ताटात भाताचा ढीगच वाढला. त्यांनी पहिला घास तोंडात घातला.

तेव्हाच मागून आवाज आला. ट्रकवरून धान्याचं पोतं जमिनीवर पडावं तसा, जड. मग टाइल्स एकामागून एक तडकल्याचे आवाज. माळी ओरडला. मी धावत गेले. टँकच्या खोल टोकाचा तळ मधोमध फुगून हातभर वर आला होता, आणि वरच्या टाइल्स उभ्या-आडव्या निखळल्या होत्या. फटीतून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं. मी पाहत असतानाच तळ आणखी थोडा उचलला गेला. खालून कोणी पाठ लावून उठतंय असं दिसत होतं. मला कारण माहीत होतं, सकाळीच माळ्याने ते समजावून सांगितलं होतं, तरी मी किंचाळले.

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. घाबरल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की तो मला आजही आठवू नये असं वाटतं.

"खाली होती," त्या म्हणाल्या. "टाइलच्या खाली होती वं. म्हणून दिसत नव्हती. आता वर येऊन राहिली."

मी धरायच्या आत त्या शिडी उतरल्या, त्या फुगवट्यापाशी गुडघ्यांवर बसल्या आणि निखळलेल्या टाइल्स हातांनी उपसायला लागल्या. "थांब माय, थांब," असं खाली वाकून म्हणत होत्या. टाइलच्या धारेने बोटं कापली, काळ्या चिखलात रक्त दिसेना. माळी रडत होता. मी खाली उतरून त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले आणि ओरडले, "ती इथे नाही! ती भंडाऱ्याला आहे. जिवंत आहे, आई. तिला दोन वर्षांची मुलगी आहे."

त्यांनी हात हिसकले. "खोटं बोलून राहिली तू."

मी तशीच चिखलाच्या पायांनी घरात गेले, नवऱ्याच्या कपाटातून नणंदेचं पत्र काढलं आणि त्यांच्या समोर धरलं. गेल्याच महिन्यातलं होतं. अक्षर त्यांनी ओळखलं. वाचता त्यांना हळूहळूच यायचं, ओळीखाली बोट धरून. "आईच्या साखरेचं काय? ती वेळेवर जेवते ना? तिला माझं नाव सांगू नकोस, उगाच त्रास होईल. नुसतं मला कळव." इथपर्यंत वाचून त्या थांबल्या आणि तिथेच त्या फुटक्या तळावर बसून राहिल्या. पाणी त्यांच्या लुगड्यापर्यंत आलं तेव्हा आम्ही दोघांनी त्यांना वर घेतलं.

मी बोटांना हळद लावली. त्या थंड झालेल्या ताटावर बसल्या आणि सगळं जेवल्या. पुन्हा भात मागून घेतला.

सासरे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. आधी टँक पाहून ओरडले, कोणत्या गाढवाने पंप लावला म्हणून. मग आत येऊन त्यांनी बायकोच्या मांडीवरचं पत्र पाहिलं आणि खांद्यावरचा पंचा काढून हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "मला वाटलं, तू विसरशील." सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या ट्रंकेत दोन लुगडी घालत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा परतला, तोवर सासूबाईंनी माळ्याकडून सायकलरिक्षा मागवली होती. मी भाजीपोळीचा डबा बांधला, औषधाच्या बाटल्यांवर वेळा लिहिल्या. नवरा त्यांना भंडाऱ्याला पोचवायला निघाला. रिक्षात बसताना त्यांनी माझ्या हातातून औषधं घेतली आणि डबा तसाच माझ्या हातात ठेवला. चार वर्षांत मी त्यांना कोणावर रागावलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्या रागावलेल्या नव्हत्या. नुसतं विचारलं, "तुले कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या पावसाळ्यापासून," मी म्हणाले.

त्यांनी बोटांना गुंडाळलेल्या चिंधीकडे पाहत मनाशी मोजलं.

"म्हणजे तीन पावसाळे," त्या म्हणाल्या, "तू माह्या बाजूले उभी राहून पाण्यात तिले शोधत होती."

मी हो म्हणाले. रिक्षावाल्याने पायडल मारलं, आणि मी तो गरम डबा धरून फाटकात उभी राहिले.